फ्रेंचमधली कोटी इंग्रजीत आली नाही, तर बिघडलं कुठं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पुण्यातल्या एक वाचक बरीच वर्षं घरूनच फ्रेंच-इंग्रजी भाषांतराचं काम करतात. यंत्रांच्या माहितीपुस्तिका, करारपत्रं, औषधांची पत्रकं यांत त्यांचा हात बसलेला आहे. अलीकडे पॅरिसमधली एक भाषांतर संस्था त्यांना अत्तरांच्या आणि प्रसाधनांच्या जाहिरातींचा मजकूर पाठवू लागली आहे. दर मात्र जुनाच, शब्दामागे. सकाळी चेहऱ्याला लावायच्या एका सीरमची मूळ ओळ होती, 'फेत पो नव्ह, मीन द रियँ', म्हणजे साधारण 'कात टाका, कुणाला पत्ता लागू न देता'. त्यांनी इंग्रजीत केलं, 'गेट न्यू स्किन, एफर्टलेसली'. लंडनच्या तपासनिसाचा शेरा आला : 'चूक काही नाही, पण बेचव.' त्या विचारतात : "फ्रेंचमधली कोटी इंग्रजीत येतच नाही, असं स्पष्ट लिहून तळटीप जोडावी का? की इंग्रजी आपली मातृभाषा नाही हे मान्य करून या कामाला रामराम ठोकावा? भाऊ म्हणतो, एआयला दहा कोट्या करायला सांग, त्यातली एक पाठव आणि मोकळी हो. ताई, मला तर आता फ्रेंच येतं की नाही इथपासून शंका यायला लागली आहे."

नमस्कार,

शेवटची शंका आधी निकालात काढू. दोन वाक्प्रचार एकमेकांत अडकवलेत आणि दोन्हींच्या पोटात त्वचा नि चेहरा दडलाय, हे तुम्हाला दिसलं. फ्रेंच येत नसतं, तर ही ओळ तुम्हाला अवघड वाटलीच नसती.

अडचण दुसरीकडे आहे. मूळ मजकुरात जिथे कोटी आहे तिथेच, त्याच शब्दावर, तोच अर्थ साधणारी कोटी इंग्रजीत जमली पाहिजे, नाहीतर भाषांतर पडलं, असं तुम्ही धरून चालला आहात. हे कुणी ठरवलं? जपानी फॅशन डिझायनर इस्सेई मियाके यांचं 'लो दिसे' हे अत्तर १९९२ साली बाजारात आलं. नावाचा साधा अर्थ 'इस्सेईचं पाणी'. फ्रेंच माणसाने ते मोठ्याने उच्चारलं की मात्र ऐकू येतं 'लोदिसे', म्हणजे ओडिसी, तो लांबलचक सागरप्रवास. पाणी, प्रवास आणि मालकाचं नाव, तिन्ही एका दमात. इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक ही अक्षरं डोळ्यांनी वाचतं, कानाने ऐकत नाही. त्यामुळे बहुतेकांना त्यातला प्रवास कधी कळलाच नाही. तरी ते अत्तर तीस वर्षांनंतरही दुकानात आहे. कोटी हरवली, धंदा बुडाला नाही.

याचा अर्थ कोटी सोडून द्यावी असा नाही. ती मूळ ओळीत कोणतं काम करते आहे, ते आधी बघावं, एवढंच. कधी ती नाव लक्षात ठेवायला मदत करते. कधी मालाचा एखादा गुण गुपचूप सांगते. कधी नुसता डोळा मारते. ते काम इंग्रजीत दुसऱ्या कुठल्या मार्गाने होत असेल, तर कोटी नाही आली तरी चालतं. आणि होत नसेल, तर कोटी अगदी हुबेहूब उतरवूनही उपयोग नाही.

आता तुमचीच ओळ घेऊ. 'फेर पो नव्ह', शब्दशः नवी त्वचा करणं, म्हणजे आपलं कात टाकणं. मराठीत हा वाक्प्रचार आयता असल्यामुळे तुम्हाला तो चटकन कळला असणार, आणि म्हणूनच इंग्रजीत तो नाही याचा त्रासही जरा जास्तच झाला असणार. 'मीन' म्हणजे चेहऱ्यावरची कळा. 'बॉन मीन' असलेला माणूस म्हणजे निरोगी, तुकतुकीत दिसणारा. आणि 'मीन द रियँ' म्हणजे काही केलंच नाही असा साळसूद आव. सगळी ओळ मिळून सांगते : कात टाका, पण कुणाला पत्ता लागू देऊ नका. तुमच्या इंग्रजीत नवी त्वचा आली, 'कष्ट नाहीत' हेही आलं. गेला तो साळसूदपणा. 'एफर्टलेसली' या शब्दात मेहनत नाही हे कळतं, पण गुपित राहत नाही. तपासनिसाला जे बेचव वाटलं ते हेच असावं. बिचाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही.

पण तुमच्या ओळीत याहून मोठी एक गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. फ्रेंचमध्ये 'पो नव्ह' हा वाक्प्रचार आहे, वाचणारा तो शब्दशः घेत नाही. 'गेट न्यू स्किन' हा इंग्रजीत वाक्प्रचार नाही. तिथे ते सरळ आश्वासन होतं : आमचं सीरम लावा, तुम्हाला नवी त्वचा येईल. युरोपीय संघाचा २०१३ सालचा ६५५ क्रमांकाचा नियम प्रसाधनांच्या दाव्यांबद्दल आहे. दाव्याला पुरावा हवा, असं तो सांगतो. मात्र उघड अतिशयोक्ती, जी सामान्य गिऱ्हाईक शब्दशः घेणार नाही, तिला पुराव्यातून सूट आहे. म्हणजे फ्रेंच ओळ ज्या छत्रीखाली उभी होती, ती तुम्ही भाषांतर करताना काढून घेतलीत. अमेरिकेत तर प्रकरण आणखी नाजूक. तिथल्या कायद्यात रूप बदलतं ते प्रसाधन, आणि शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करतो असा दावा ज्याच्याबद्दल केला जातो ते औषध. सप्टेंबर २०१२मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लांकोम या फ्रेंच प्रसाधन कंपनीच्या अमेरिकी शाखेला पत्र पाठवलं, ते जनुकांची सक्रियता वाढवण्यासारख्या दाव्यांवरूनच. इंग्रजी डब्यांवर जिथे तिथे 'रिड्यूसेस दि अपिअरन्स ऑफ रिंकल्स' का लिहिलेलं असतं, सुरकुत्या कमी होतात असं न म्हणता सुरकुत्यांचं दिसणं कमी होतं असं का म्हणतात, याचं मूळ इथे आहे. आणि गंमत म्हणजे 'न्यू-स्किन' नावाची, जखमेवर लावायची द्रव पट्टी अमेरिकेत औषधाच्या दुकानात मिळते. सौंदर्याच्या सीरमला कुणाला ती आठवण नको असते.

मग या ओळीचं करायचं काय? मी काही प्रयत्न करून पाहिले, ते पुसून न टाकता तुमच्यासमोर ठेवते. पहिला, 'कीप अ स्ट्रेट फेस. वेअर अ न्यू वन.' 'स्ट्रेट फेस' म्हणजे मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. साळसूदपणाही आला नि चेहराही आला. मी खूश झाले. मग मोठ्याने वाचलं आणि लक्षात आलं की 'नवा चेहरा घाला' ऐकल्यावर डोळ्यांसमोर प्लॅस्टिक सर्जरीचा दवाखाना येतो. बाद. दुसरा, 'टर्न ओव्हर अ न्यू लीफ'. कात टाकण्याला इंग्रजीतला सगळ्यांत जवळचा वाक्प्रचार हाच. पण पान आलं की सीरममध्ये एखाद्या वनस्पतीचा अर्क असायला हवा. असेल तर ही ओळ सोन्यासारखी, नसेल तर उगीचच. तुमच्या पत्रात घटक दिलेले नाहीत, म्हणून तुम्हीच बघा. तिसरा, 'ग्लोइंग? हू, मी?' यात कात नाही, त्वचा नाही, शब्दांवर कोटीही नाही. पण कुणी 'आज काय केलंस गं चेहऱ्याला?' विचारावं आणि आपण काहीच न घडल्यासारखं बघावं, तो भाव जसाच्या तसा आला. 'ग्लो' हा शब्द रूपाबद्दलचा असल्याने वकिलांनाही तो चालायची शक्यता जास्त. मी हीच निवडली असती.

कोटी शब्दातून काढून प्रसंगात घालणं, हा प्रकार पुष्कळदा कामी येतो. फ्रेंचमध्ये पापणीच्या केसाला 'सिल' म्हणतात, आणि 'कृपया'साठी 'सिल वू प्ले'. उच्चार एकच, त्यामुळे मस्काऱ्याच्या मजकुरात ही कोटी वारंवार भेटते. तिथे इंग्रजी 'लॅश' घेऊन बसलात तर हाती लागतं 'लॅश आउट', म्हणजे अंगावर धावून जाणं. त्यापेक्षा इंग्रजीत लाडीगोडीने काही मागताना काय म्हणतात ते आठवा : 'प्रिटी प्लीज'. त्यात 'सुंदर' आधीच बसलेलं आहे, आणि ते म्हणताना पापण्या फडफडवायची रीतही आहे. अमेरिकेतली पोरं आणखी हट्टाला पेटली की 'विथ अ चेरी ऑन टॉप' जोडतात. तेव्हा 'प्रिटी प्लीज, विथ लॅशेस ऑन टॉप.' फ्रेंच कोटी यातल्या कुठल्याही शब्दात नाही, पण मस्कारा विकायचं तिचं काम पूर्ण झालेलं आहे.

कधी नशीब साथ देतं. 'लेसांस' म्हणजे अर्क आणि 'ले सांस' म्हणजे इंद्रियं, हा फ्रेंच अत्तरवाल्यांचा आवडता श्लेष. आणि इंग्रजीत 'सेन्स' नि 'सेन्ट्स' शेजारी शेजारी तयारच आहेत. अशी आयती जोडी मिळाली की हात आवरा. ती इतकी वापरली गेली आहे की आता कुणी हसत नाही. मजकुराच्या आत कुठे तरी चालेल, मथळ्यात नको.

नावांचं गणित वेगळं आहे, आणि ते नवख्या माणसाला सांगायला हवं, कारण तिथे बरेच जण विनाकारण घाम गाळतात. अत्तराचं नाव हा नोंदणीकृत ट्रेडमार्क असतो. तुम्ही त्याला हात लावायचा नसतो. नावांची भांडणं भाषांतरकार नाही, न्यायालय सोडवतं. १९९३ साली इव्ह सँ लोराँ यांच्या फॅशन घराण्याने 'शाम्पेन' नावाचं अत्तर आणलं, शॅम्पेन बनवणारे कोर्टात गेले आणि नाव मागे घ्यावं लागलं. पुढे तेच अत्तर 'इव्रेस' झालं : 'इव्रेस' म्हणजे नशा, फक्त पहिलं अक्षर बदलून इव्हच्या नावाचं लावलं. बाटलीतली नशा कायम, दारूचं नाव गायब. हा खोडसाळपणा इंग्रजी वाचकापर्यंत पोचवायची जबाबदारी तुमची नाही.

तुमच्या हातात असतो तो नावाखालचा मजकूर. तिथे बघायचं की नावातली गंमत समजावून सांगितल्यावर जगते की मरते. १९२०-३० च्या दशकांत वर्थ या पॅरिसच्या फॅशन घराण्याच्या अत्तरांची नावं अशी निघत गेली की ओळीने ठेवली तर एक वाक्य होतं : दां ला न्वी, व्हेर ल जूर, सां झाद्यो, ज रव्हियँ, व्हेर त्वा. रात्रीत, दिवसाकडे, निरोप न घेता, मी परत येते, तुझ्याकडे. ही गोष्ट कुठल्याही भाषेत सांगा, ऐकणारा पुढचं नाव विचारतोच. असली गंमत इंग्रजी मजकुरात खुशाल उलगडून सांगावी.

उलट फ्रेंच अत्तरवाले सर्ज ल्युतांस यांचं २००९ सालचं 'फीय आं नेग्वीय' हे अत्तर घ्या. 'द फील आं नेग्वीय' हा फ्रेंच वाक्प्रचार, शब्दशः दोऱ्यापासून सुईपर्यंत, अर्थ 'एकातून दुसरं निघत गेलं'. तिथल्या 'फील'च्या, म्हणजे दोऱ्याच्या, जागी त्यांनी 'फीय', म्हणजे मुलगी बसवली. सुया कुठल्या? एक तर पाइनच्या झाडाच्या, कारण अत्तराला वास त्यांचा आणि धुपाचा. दुसऱ्या, उंच टाचांच्या, कारण फ्रेंचमध्ये बारीक टाचेलाही सुईच म्हणतात. बघा, मला समजावायला किती ओळी लागल्या, आणि एवढं समजावल्यावर मजा किती उरली! इथे उलगडत बसू नये. खालच्या मजकुरात इंग्रजीची स्वतःची एखादी सुई शोधावी. अमेरिकी इंग्रजीत उत्सुकतेने जीव टांगणीला लागला की 'ऑन पिन्स अँड नीडल्स' म्हणतात, आणि 'पिन्स'च्या जागी 'पाइन्स' सहज बसतं. पण जाहिरात ब्रिटनसाठी असेल तर सावधान : तिकडे 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे पायाला आलेल्या मुंग्या.

म्हणूनच काम घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा की इंग्रजी म्हणजे कुठलं इंग्रजी. लंडनचं, न्यूयॉर्कचं, दुबईतल्या मॉलमधलं, की मुंबईतल्या दुकानातलं? त्या गिऱ्हाइकाकडे स्वतःचं फ्रेंच किती आहे, हेही बघायचं. 'ओ द' (अमक्याचं पाणी), 'रूज' (लाल), 'अमूर' (प्रेम), 'बेल' (सुंदर) एवढं बहुतेकांकडे असतं. लांकोमने १९६९ साली 'ओ द लांकोम' हे अत्तर आणलं, पण त्यातला 'ओ' पाण्याचा न लिहिता नुसतं 'O' हे अक्षर घेतलं आणि त्यावर टोपी घातली, म्हणजे 'ओ!' हा उद्गार. पाण्यासाठीचा फ्रेंच शब्द आणि हा उद्गार कानाला सारखेच. प्रत्येक बाटलीवर 'ओ द' वाचणाऱ्याला ते अर्धंमुर्धं तरी कळतं. त्याच घराण्याने २०१२ साली 'ला व्ही ए बेल' (आयुष्य सुंदर आहे) हे अख्खं फ्रेंच वाक्य इंग्रजी बाजारातही तसंच ठेवलं. अत्तराच्या दुनियेत फ्रेंच न कळण्यालाही थोडी किंमत असते. तेव्हा 'हे फ्रेंचमध्येच राहू द्या' हा सल्ला देणं म्हणजे हार मानणं नव्हे.

आता तळटीप. छापील जाहिरातीला तळटीप नसते, त्यामुळे वाचकासाठी तिचा उपयोग शून्य. पण ग्राहक संस्थेला पाठवायची टीप ही वेगळी चीज आहे, ती तर जरूर लिहा. या प्रकारच्या कामाला बाजारात ट्रान्सक्रिएशन म्हणतात आणि ते द्यायची रीत ठरलेली आहे : एका ओळीसाठी दोन-तीन पर्याय, प्रत्येकाचं परत फ्रेंचमध्ये शब्दशः भाषांतर, आणि काय राखलं, काय सोडलं, का सोडलं हे थोडक्यात. 'कोटी येत नाही' असं लिहिलंत तर ती तक्रार वाटते. 'साळसूदपणा राखला, कात सोडली, कारण इंग्रजीत ती दावा ठरते' असं लिहिलंत तर त्यातून जाणकारी दिसते. एकच पर्याय कधी पाठवू नका. एकाच ओळीला लोक पास-नापास करतात, तीन दिल्यात तर निवड करायला बसतात.

हे सगळं शब्दामागच्या दरात बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पाच शब्दांच्या मथळ्यासाठी अर्धा दिवस गेला तर त्या दराने चहाचेसुद्धा पैसे सुटणार नाहीत. मथळे, घोषवाक्यं, नावाखालच्या ओळी यांना तासाचा किंवा अख्ख्या कामाचा दर सांगा. घटकांची यादी, वापरायची पद्धत, खबरदारी हे शब्दामागेच राहू द्या. मागायला संकोच वाटतो, पण नुसती 'नमस्कार, दराबद्दल' अशी मेल नका लिहू. पर्यायांची अशी एक नमुना फाइल सोबत जोडा.

मातृभाषेबद्दल मी गोड बोलणार नाही. शब्दांचे खेळ परक्या भाषेत करताना पाय घसरायची शक्यता जास्तच असते, आणि बऱ्याच संस्था भाषांतरकाराकडून त्याच्या मातृभाषेतच भाषांतर करून घेतात ते उगीच नाही. 'स्ट्रेट फेस' ऐकायला ठीक आहे की जुनाट, हे लंडनमध्ये वाढलेल्या कानाला आपल्याआधी कळतं. पण त्या कानाला 'मीन द रियँ'मधला चेहरा दिसेलच असं नाही, आणि तो दिसल्याशिवाय पुढचं काही होत नाही. त्यामुळे सोडून देणं आणि एकटीने रेटणं यांच्या मधली वाट बघा. इंग्रजी जाहिरातलेखन करणारी एखादी व्यक्ती जोडीला घ्या. फ्रेंच उकलून पर्यायांचा कच्चा माल तुम्ही द्यायचा, शेवटचा हात तिने फिरवायचा, पैसे ठरवून वाटून घ्यायचे. मोहीम भारतासाठी असेल, तर मात्र उलटं : तिथे इंग्रजीचा घरचा कान तुमचा आहे, लंडनच्या तपासनिसाचा नाही, आणि हे संस्थेला ठणकावून सांगायला हरकत नाही. हे सगळं करूनही मजा येत नसेल, तर औषधांची पत्रकं आहेतच. त्यांत चूक न करणारी माणसं फार थोडी असतात, आणि त्या कामाला कमी लेखायचं काहीच कारण नाही.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. एआय कोट्या ढिगाने देतं, आणि अडलेल्या डोक्याला धक्का द्यायला ते बरंच. पण त्या ढिगात 'न्यू स्किन'ही येणार, दवाखान्याची आठवण करून देणारा चेहराही येणार. काय फेकायचं ते तुम्हालाच ठरवावं लागणार. शिवाय बाजारात न आलेल्या मालाचा मजकूर बहुधा गोपनीयतेच्या करारात असतो. तो कुठल्याही फुकटच्या साधनात चिकटवण्याआधी तुमचा करार उघडून वाचा.

एक राहिलंच. जाहिरातीचं चित्र मागून घ्या. कितीदा तरी कोटीचा अर्धा भाग चित्रात असतो, आणि नुसत्या शब्दांच्या तक्त्यावर काम करणाऱ्याला तो कळायचा मार्गच नसतो. ही ओळ कुठे लागणार आहे, बाटलीवर, दुकानाच्या भिंतीवर की व्हिडिओत कुणी बोलणार आहे, आणि अक्षरांची मर्यादा किती, हेही त्याच मेलमध्ये विचारा.

लंडनला अजून उत्तर पाठवलं नसेल तर वाद घालू नका, नव्याने तीन पर्याय पाठवा. आणि 'गेट न्यू स्किन' तुम्ही स्वतःहून मागे घेताय, ते चवीसाठी नव्हे तर दाव्यासाठी, हे पहिल्याच ओळीत लिहा. 'चूक काही नाही' असं ज्यांनी लिहिलं, त्यांच्याही नजरेतून तेवढं सुटलेलं आहे.